खापरासमोरची जागा

"अक्का, तू ऱ्हाऊ दे. आज मांडा मी करस."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी जळगावहून आलेली धाकटी जाऊ द्रौपदाबाई हे बोलली, तेव्हा शेवंताबाई चुलीपाशी काठी टेकून उभी होती. पुरणाचे मांडे भाजायच्या पालथ्या खापरासमोर मांडी घालायला तिने गुडघा वाकवून पाहिला होता आणि कळ पार कमरेपर्यंत चढली होती. लग्न होऊन आल्यापासून या घरातले आखाजीचे मांडे तिच्याच हातचे. तिच्या त्या जागेवर आता जाऊ मांडी ठोकून बसली. शेवंताबाईच्या गुडघ्यापेक्षा पोटातच जास्त दुखलं.

हिवाळ्यात दोघींनीही गुडघ्यात इंजेक्शनं घेतली होती. शेवंताबाईने दोंडाईच्याला, स्टेरॉइडचं. दोन दिवसांत ती तुरुतुरु चालायला लागली. द्रौपदाबाईने जळगावच्या मोठ्या डॉक्टरकडे, वंगणाची, महागाची. तिला महिनाभर काहीच फरक नव्हता. संक्रांतीला तिच्यासमोर मुद्दाम उकिडवी बसून शेवंताबाई म्हणाली होती, "तुना डाक्टर मोठा, पन गुन मना डाक्टरना हातमा शे."

हा आराम थोड्याच महिन्यांचा, गुडघा जपा, असं तिच्या डॉक्टरने बजावलं होतं. ऐकतंय कोण? तिने बसून गहू कापला, शेवया केल्या. होळीपर्यंत गुण ओसरला. जावेला मात्र तेव्हा कुठे बरं वाटू लागलं होतं, असं तीच सांगायची.

मांडा कुठे फाटतो का, हे शेवंताबाई डोळ्यांत तेल घालून पाहत राहिली. एकही फाटला नाही.

"मांडा नेहमीसारखाच शे," तिचा नवरा जीवराम जेवता जेवता म्हणाला. कोणी केला, हे त्याने विचारलंही नाही. ते तिला फार लागलं.

पुरुषांची पंगत उठली. चूल विझली. द्रौपदाबाई अजून तिथेच बसून पुसलेलं पोळपाट पुन्हा पुसत होती.

"ऊठ, जेवी ले."

"उठस. तू व्हय पुढे."

शेवंताबाईने निरखून पाहिलं. जावेचा एक हात गुडघ्यावर गच्च दाबलेला होता.

"कव्हापासून?"

"पहिला मांडापासून."

"मंग बोलनी का नही?"

"तुले कशी सांगू?"

शेवंताबाईला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली.

तिने आपली काठी जावेच्या हातात दिली आणि स्वतः भिंत धरली.