सातव्या सर्गातली आई

“रडते की नाही?” बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली. “सरळ प्रश्न आहे. सातव्या सर्गात मुलगा पाताळात निघालाय. आई काय करते?”

“रडत नाही, मॅडम. लोकर कातत बसते.”

शेजारच्या खुर्चीतल्या सरांनी, कॉलेजच्याच दुसऱ्या परीक्षकांनी, चटकन मान वर केली.

समोर बसलेली परीक्षार्थी टपाल कचेरीत पत्रं निवडायच्या कामाला होती. चाळिशी उलटलेली. पुराणकथांच्या या पेपराला ती तिसऱ्यांदा बसली होती, आणि चौथ्यांदा बसू देत नाहीत. तोंडी परीक्षेच्या पहिल्या दोन प्रश्नांना ती घाबरून अडखळली होती. हा तिसराही गेला, तर पदवी हातची गेली.

बाईंनी परीक्षेची मार्गदर्शिका उघडून तिच्यापुढे सरकवली. “हे बघा. ‘माता केस मोकळे सोडून आक्रोश करते.’ वाचलंय तरी का हे?”

“वाचलंय ना. मूळ ग्रंथ डावीकडे, हे उजवीकडे, मधे शब्दकोश. रोज जेवणाच्या सुट्टीत. कचेरीत हसतात मला. म्हणतात, ही आता पाताळात टपाल सुरू करणार.”

बाई हसल्या नाहीत. “इतकी वर्षं सगळे आक्रोश लिहीत आलेत. सगळे चुकले आणि तुम्ही एकट्या शहाण्या?”

सर मार्गदर्शिकेच्या मुखपृष्ठाकडे बघत होते. लेखक म्हणून फक्त ‘अनुभवी प्राध्यापक’ एवढंच छापलेलं. बावीस वर्षांपूर्वी त्या अनुभवी प्राध्यापकांना मूळ ग्रंथाची ग्रंथालयातली प्रत मिळाली, तेव्हा सातव्या सर्गाची पानं कुणीतरी फाडून नेली होती. प्रकाशकाने तगादा लावला होता. दुसरी प्रत यायला महिना लागला असता. आई आहे, रडणारच, असं म्हणून त्यांनी वाक्य लिहून टाकलं. पुढे नवी प्रत आली. ती उघडून बघायचा धीर त्यांना कधी झाला नाही.

“माझंच चुकलं असेल मग,” ती खाली बघत म्हणाली. “आक्रोश करते, असंच धरा.”

“आता धरून काय उपयोग?” बाईंनी गुणपत्रिका ओढली आणि चौकटीत शून्य काढलं. “सर, सही करा.”

सरांनी पेन उघडलं. पुन्हा बंद केलं.

“ते वाक्य माझं आहे.”

“काय म्हणालात?”

आवाज इतका बारीक निघाला होता की त्यांना परत बोलावं लागलं. “मार्गदर्शिका मी लिहिली. तो सर्ग न वाचता.”

“काहीतरीच काय, सर! तुमच्याच वर्गात शिकले मी. हेच वाक्य लिहून पास झाले.”

“हो. मीच तपासला होता तुमचा पेपर.”

बाईंचा चेहरा लाल झाला. सरांनी खुर्ची परीक्षार्थीकडे वळवली.

“मुलगा गेल्यावर तरी ती कातायची थांबते का?”

“हे गुणांत धरणार, सर?”

“नाही. मला माहीत नाही म्हणून विचारतोय.”

तिनं चाचरत बाईंकडे पाहिलं. बाई मान खाली घालून ते शून्य खोडत होत्या, कागद फाटेल इतक्या जोरानं.

“मग सर्गाच्या सुरुवातीपासूनच सांगते,” ती म्हणाली.