दुपारचा आकडा

घाटनांदुरात मन्मथआप्पांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं, आणि चाळीस वर्षांत त्यांच्या तराजूकडे कुणी वाकडं बघितलं नव्हतं. हे ते स्वतः कधी सांगत नसत, गावच सांगायचं. एका साली घरोघरची चाकाची जुनी मीटरं काढून नवी बसवली. चाक गेलं, त्याच्या जागी तांबडा ठिपका आला. आत वीज चालली की तो लुकलुकायचा.

पुढच्याच महिन्यात मीटर वाचणारा बंकट हातातलं यंत्र घेऊन भर दुकानात आला नि म्हणाला, "आप्पा, तुमच्या घरी दुपारचा आकडा हाय."

त्याला म्हणायचा होता यंत्रातला आकडा; रोज बारा ते दोन, एका पंख्याएवढा. गिऱ्हाइकांनी ऐकला तो चोरून तारेवर टाकायचा आकडा.

"दुपारी आमी नवरा-बायको दोघं हितंच दुकानात आसताव. घराला कुलूप हाय."

"मग मशीन कावून खोटं बोलंल?"

शेजारचा सटवा हसला. "कपाळाला विभूती अन् तारंला आकडा! लई ब्येस."

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक तांब्या दोनदा तोलून मागू लागलं. आप्पांचं जेवण तुटलं.

शेवटी त्यांनी एका दुपारी बंकट आणि सटवा दोघांनाही घरी आणलं. कुलूप काढून ते एकटेच आत गेले. त्यांची बायको महादेवी बाहेर मीटरपाशी उभी राहिली.

"पंखा लावला," आतून आवाज आला.

ठिपका गप्प.

"दिवाबी लावला. आता रेडिओ." भजन रस्त्यापर्यंत ऐकू आलं, तरी ठिपका गप्पच. बंकटनं यंत्र लावलं, पुसून पुन्हा लावलं.

"काईच चालू न्हाई. घर बंद दाखवतंय."

सटवा या वेळी हसला नाही. महादेवी यंत्राकडे बराच वेळ बघत राहिली.

"आता तरी दिसतंय का?" आप्पांनी आतून विचारलं.

घर बंद म्हटलं की जे करायचं ते चाळीस वर्षांच्या हाताला ठाऊक होतं. तिनं दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावून एकदा ओढून बघितलं आणि किल्ली कमरेला खोवली.

ठिपका लुकलुकू लागला.

"हां," बंकट म्हणाला, "आता हाय कोनीतरी."