सुगंधाच्या हातचे काळे मणी

मित्रांनो, मी एक जुना पितळी बर्नर आहे. चहा उकळणारा नव्हे हां, काच वितळवणारा! घाटकोपरच्या एका लेथवर माझं तोंड कातलं गेलं आणि मालाड पूर्वेला, काशीराम मणीवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला फळीवर ठोकून बसवलं. एका नळीतून गॅस यायचा, दुसरीतून पायाने दाबायच्या भात्याचा वारा. दोन्हींचं जमलं की माझ्या तोंडातून निळी, टोकदार ज्योत निघायची. काय माझी ऐट होती तेव्हा! आता त्याच तोंडात कोळ्याने जाळं विणलंय. म्हणून जरा कडवट बोलेन, ऐकून घ्या.

काशीराम मूळचा मालवणकडचा. त्याच्या काळ्या मण्यांचं आसपास मोठं नाव. मंगळसूत्र ओवायचं तर मणी काशीरामचेच, असं बायका म्हणायच्या. पण वय झालं तसा त्याचा हात थरथरायला लागला. मण्याला एकाच बाजूला पोट सुटायचं. गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून तो राग माझ्यावर काढायचा. म्हणे, बर्नरचं तोंड बिघडलंय. वा रे वा! माझं तोंड शाबूत होतं.

त्याच सुमारास सुगंधा आली, शेजारच्या चाळीतली. तिचा नवरा गिरणीत होता. संप लांबला, काम गेलं, आणि पुढे तापाचं निमित्त होऊन तोही गेला. पदरात मीरा, नुकतीच शाळेत जायला लागलेली. कणकवलीहून दिराचे निरोपावर निरोप येत होते, "खोली सोड नि इकडे ये, गुरांकडे बघायला माणूस हवंय." गेली असती तर मीराची शाळा सुटली असती आणि हिचा जन्म शेण काढण्यात गेला असता. सुगंधाला इथेच राहायचं होतं, आपल्या हाताच्या कमाईवर. तिने काशीरामपुढे हात जोडले. तो म्हणाला, "शीक बाय. मणी जमले तर ही जागा तुझी."

शिकताना पोरीने मला काय छळलं म्हणता! काचेची कांडी एकदम ज्योतीत खुपसली. ती तडकली, तुकडे उडाले, ही किंचाळत स्टुलावरून खाली. मग वितळलेली काच जिच्यावर गुंडाळायची त्या तारेला मातीचा लेप द्यायलाच विसरली. लेपाशिवाय मणी तारेला जो चिकटतो तो मरेपर्यंत सुटत नाही. तार फिरवायची थांबली की वितळलेली काच लोंबायची आणि मण्याचं व्हायचं जांभूळ. काशीराम ओरडायचा, "फिरव गो, फिरव! थांबलंस की काच गळतली!" मी पण मनात म्हणायचो, कुठून आणलंय हे ध्यान!

सगळ्यात जास्त वाट लागली ती घाईने. गरम मणी राखेत पुरून सावकाश निववायचा असतो. हिला धीर कुठला? कसा झालाय ते बघायला राखेतून उकरून काढायची, वारा लागायचा आणि टच्! मण्याचे दोन तुकडे. त्या तुकड्यांकडे बघत रडायची, पदराने नाक पुसायची आणि पुन्हा तारेला माती लावायला घ्यायची. बोटांवर फोड, फोडांवर हळद. मला तिची दया यायला लागली. खरं सांगतो, नंतर नंतर मी तिचीच वाट बघत असायचो.

आणि एक दिवस जमलं. ज्योतीत काळी काचसुद्धा केशरी दिसते, त्यामुळे रंग बघून काही कळत नाही, सगळा अंदाज हाताचा. तिच्या हाताला तो अंदाज आला. राखेतून मणी निघाले ते एकसारखे, गोल, काळेभोर. काशीराम कितीतरी वेळ ते तळहातावर फिरवत राहिला. "झकास," एवढंच म्हणाला. सुगंधाने दिराला निरोप धाडला, मी येत नाही.

मग समोरच्या गल्लीतली प्रेमाकाकी आली. तिच्या जानकीचं लग्न ठरलं होतं. मणी काशीरामनेच स्वतः करायचे, असं तिने बजावलं. काशीरामने मान डोलावली आणि काम सुगंधाला दिलं. मणी झाले. तेवढ्यात ठरलेल्या दिवसाच्या आधीच प्रेमाकाकी शेडमध्ये हजर! सुगंधा तारेवरून मणी उतरवत होती.

"अगं बाई! माझ्या पोरीच्या मंगळसूत्राला हिचा हात?" प्रेमाकाकीने कपाळ बडवलं. "स्वतःचं तुटलं ते तुटलं, आता माझ्या जानकीचं तोडायला बसलीयस?"

सुगंधाच्या हातातली तार तशीच राहिली. काशीराम गडबडीने म्हणाला, "नाय गो, ती नुसती तारा पुसता. तू उद्या ये, माझ्या हातचे ताजे देतंय."

ती गेल्यावर तो माझ्यापुढे बसला. तार धड फिरेना, भात्यावरचा पायही नीट पडेना. एकही मणी धड होईना. शेवटी उठला, सुगंधाचेच मणी पाण्यात खळबळून घेतले आणि नव्या दोऱ्यात ओवले. तिला म्हणाला, "तू गप ऱ्हव. मागे पडदो लावतंय, तिकडे बसून कर. नाव माझा, काम तुझा. कोणाक कळाचा नाय."

ती पुन्हा तारा पुसायला लागली. मीराची शाळा तिच्या डोळ्यांपुढे असणार. मला मात्र असा संताप आला, की ज्योत असती तर पत्रा जाळला असता.

दुसऱ्या दिवशी प्रेमाकाकीने तेच मणी हातात घेतले, उजेडात धरले आणि खुलली. "ह्याला म्हणतात हात! बघ ना, कसे एकसारखे. नाहीतर काल हिच्या तारेवरचे. नवऱ्याला खाल्लं, आता दुसऱ्यांच्या नवऱ्यांवर टपलीय."

सुगंधा तारा पुसत कोपऱ्यात बसली होती. ती उठली. "काकी, ते माझेच मणी आहेत. कालचेच. नवऱ्याला ताप आला होता, मी नाही खाल्लं त्याला."

प्रेमाकाकी काशीरामकडे बघायला लागली. तो हसला. काय ते हसू, आजही आठवलं की अंगाची आग होते! "हिका काय येता? चार दिवस झाले शिकाक लागान."

"मग बसा," सुगंधा म्हणाली. "आत्ता करून दाखवते. तुमच्या डोळ्यांसमोर."

ती माझ्यापुढे बसली. तारेला माती लावली, काडी पेटवली, भात्यावर पाय ठेवला. मी तयार होतो, मित्रांनो. जन्मात एवढा तयार कधी नव्हतो. आणि काशीरामने मागून हात घालून गॅसची चावी बंद केली. काडी तिच्या बोटांपर्यंत जळत गेली आणि विझली.

"बघितलंस? तुला साधी ज्योतही पेटवता येत नाही!" प्रेमाकाकी म्हणाली आणि मणी घेऊन निघून गेली.

सुगंधा त्याच आठवड्यात मीराला घेऊन कणकवलीला गेली. जानकीचं लग्न थाटात झालं. संसार सुखाचा चाललाय, पदरात मुलगा आहे. प्रेमाकाकी अजून सगळ्यांना सांगते, काशीरामच्या हाताचा गुण! काशीरामला त्यानंतर एकही धड मणी जमला नाही. शेडला कुलूप लागलं आणि मी गोणपाटात गेलो.

माझ्यासारखी मनोगत सांगणारी मंडळी शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, जपा, विसरू नका. मला नका जपू. खुशाल भंगारात द्या. पण कुणी "करून दाखवते" म्हणून पुढे येऊन बसलं, तर तिच्या मागून चावी बंद करू नका रे. एकच मणी करू द्यायचा होता तिला. एकच.