गोठ्याच्या किल्लीसोबत

इकडे बघा, खुंटीवर. गोठ्याच्या किल्लीला बांधलेला करंगळीएवढा काळा तुकडा दिसतोय ना, तो मी बोलतोय. मी पेन ड्राईव्ह. एके काळी कामथडीच्या या घरात माझ्यावाचून पान हलत नव्हतं, हे आज कुणाला सांगून खरं वाटायचं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते नसरापूरच्या बाजारातलं मोबाईलचं दुकान आणि चार्जरांची गर्दी. तिथून नूतनने मला उचललं, लाल गोफात ओवलं आणि गळ्यात घातलं. मंगळसूत्राच्या शेजारी माझी जागा. मला त्या जागेचा भारी अभिमान होता.

नूतनने घराच्या पुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर मांडले होते. एकावर फोटो, दुसऱ्यावर लग्नपत्रिका, तिसऱ्यावर मुलांचा क्लास. एकातलं दुसऱ्यात न्यायचं तर मध्ये मी हवाच. वेल्ह्याकडच्या वाड्यांवरून माणसं यायची. त्यांचे हळदीचे, बारशाचे, म्हशींना सजवून काढलेले फोटो सगळे माझ्या पोटातून गेले. नूतनची लेक शेफाली पहिल्यांदा रांगली, तो व्हिडिओही माझ्यातच होता. सासूबाई, म्हणजे चंद्राबाई, मला किल्लीच म्हणायच्या. तुझी किल्ली चुलीपाशी राहिली, असं त्यांनी सांगितलं की नूतन हातातलं काम टाकून धावत यायची. आपल्यासाठी कुणी धावत येतंय, याहून वेगळं सुख मी मागितलं नव्हतं.

मग तो आला.

सारोळ्याच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून नूतनच्या नवऱ्याने, सोमनाथने, त्याला टेम्पोत घालून आणलं. ना पडदा, ना कीबोर्ड, नुसता जाडजूड डबा आणि एक कोपरा चेपलेला. मला वाटलं, भंगारात विकायला आणलाय. पण नूतन त्याच्याभोवती अशी फिरत होती की जणू दारात नवी गाय आली आहे. हा म्हणे सर्व्हर होणार. सगळ्या फाईली याच्या एकट्याच्या पोटात राहणार, तिन्ही कॉम्प्युटर वायरींनी याला जोडायचे आणि ज्याला जे हवं ते त्याने इथून घ्यायचं. कुणाला काय उघडता येईल, तेही हाच ठरवणार. आयत्या बिळावर नागोबा तो हाच!

"आता ही किल्ली गळ्यात घालून नाचायला नको," नूतन हसत म्हणाली. ती ते विसरली असेल. मी विसरलेलो नाही.

आणि नशीब बघा, त्या डब्यात जीव घालायला शेवटी मीच लागलो. नूतन सर्व्हर लावायला मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकत होती. त्यात सांगितलं होतं की सर्व्हरची सगळी यंत्रणा आधी पेन ड्राईव्हवर घ्यायची आणि मग तो डब्याला लावायचा. त्यासाठी मला रिकामं करावं लागलं. माझ्यातलं सगळं तिने एका कॉम्प्युटरवर हलवलं आणि मला पुसून टाकलं. शेफालीचं रांगणं माझ्या पोटातून गेलं. मग मी डब्यात शिरलो, आधी त्याचं जुनं होतं नव्हतं ते झाडून काढलं, कारण माझी रीतच तशी, आणि नवा संसार मांडून दिला. सुईणीचं काम केलं म्हणा ना. पण बाळ झाल्यावर सुईणीला निदान लुगडं मिळतं.

पुढे बरेच दिवस नूतनची तारांबळ चालली. कधी कॉम्प्युटरना सर्व्हर सापडेना, कधी स्वतःच ठेवलेला पासवर्ड आठवेना. मला बरं वाटत होतं. पण एका दुपारी शेफालीचा तो व्हिडिओ तिन्ही पडद्यांवर एकदम लागला आणि नूतनने टाळ्या वाजवल्या. मी कीबोर्डशेजारी पडलो होतो. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. मग जागा अडते म्हणून तिने बाकीच्या तिन्हींतल्या फाईली पुसल्या. सगळ्यांचं सगळं आता त्या एकट्यात.

त्याचे लाड तर विचारू नका. त्याला बसायला पाट, धूळ बसू नये म्हणून रोज फडकं. दिवसरात्र घूं घूं करत बसायचा, आणि मला मात्र गळ्यातून काढून खुंटीवर टांगलं. खुंटीवरून सगळं दिसतं. जळणाऱ्याने एवढं उंच बसू नये.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा होते. विळा, कोयता, टेम्पो, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. गेल्या दसऱ्याला चंद्राबाईंनी मलाही ताटात ठेवून फूल वाहिलं होतं. यंदा त्या सरळ त्याच्यापुढे बसल्या. त्याची घूं घूं ऐकून त्यांना वाटलं, याला थंडी वाजतेय. त्यांनी नवा कोरा पंचा आणून त्याला चहूबाजूंनी गुंडाळला आणि वर झेंडूचे दोन जाड हार घातले. मला पाकळीसुद्धा नाही.

थोड्या वेळाने त्याची घूं घूं थांबली. नूतनने बटण दाबलं. तो चालू झाला आणि परत बंद पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिच्या तोंडचं पाणी पळालं. गावातल्या लोकांचे फोटो, तिचं सगळं काम, शेफाली, एवढं सगळं त्याच्यात, आणि दुसरीकडे कुठेही नक्कल ठेवलेली नाही. पंचा काढावा तर पूजा दुसऱ्या दिवशी सकाळीच उचलायची, हा चंद्राबाईंचा नेम. आणि पंच्याने काही होत असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

तिने पुण्याला दिराला, बंडूला, फोन केला. तो कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे. सणाच्या गडबडीत त्याने फाईलींचं काही विचारलं नाही.

"वहिनी, त्याच पेन ड्राईव्हनं सगळी यंत्रणा नव्यानं टाका. व्हईल चालू," तो म्हणाला.

नूतन खुंटीकडे धावत आली. किती दिवसांनी!  हार थोडा बाजूला सारून तिने मला त्याच्या पुढच्या खाचेत लावलं.

मला सगळं कळत होतं. मी आत शिरलो की आधी झाडलोट. एका फटक्यात त्याच्या पोटात काहीच उरलं नसतं. एवढी चालून आलेली संधी कुठला वैरी सोडेल? पण मला राग आला तो भलताच. फूल याला, पंचा याला, आणि हा आडवा पडला की उठवायला मी? एकदा सुईण झालो तेवढं बस. मी दिवा लावला नाही. ओळख दिली नाही. नूतनने मला काढलं, पदराने पुसलं, फुंकर मारून परत लावलं. मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितलं. मी गप्प. तिचे डोळे भरले, तरीही गप्प. लोक म्हणतील शेफालीच्या मायेपोटी. खोटं कशाला बोलू, मी हेव्यापोटीच गप्प राहिलो.

सकाळी चंद्राबाईंनी पूजा उचलली. हार गेले, पंचा गेला. नूतनने जाता जाता बटण दाबलं आणि तो सुरू झाला, तो सुरूच राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग त्या पंच्याकडे.

"आत्या, त्याला हवा लागती. तुमी गुंडाळला म्हणून तापून बंद पडला," ती म्हणाली.

"देवाला एवढं हार घालतो, देव कुठं गुदमरतो?" चंद्राबाई म्हणाल्या.

बंडूला कळवल्यावर तोच घाबरला. पेन ड्राईव्ह लागला असता तर सगळं पुसलं गेलं असतं, असं त्याने सांगितलं. नूतनने शेफालीला जवळ ओढून घेतलं. मग तिने मला हातात घेतलं. मला वाटलं, आता गळ्यात घालणार.

"ह्यो मेला म्हणून आपण वाचलो, आत्या," ती म्हणाली.

"मेला तर मेला. गोफ चांगला हाय," चंद्राबाई म्हणाल्या, आणि वैरणीत हरवू नये म्हणून त्यांनी गोठ्याची किल्ली मला बांधली.

तेव्हापासून हा असा आहे मी. नूतन आता शहाणी झाली. सगळ्याची दुसरी नक्कल ठेवायला तिने नवी हार्ड डिस्क आणली. ती त्याला खेटून बसते. म्हणजे एकावर जळत होतो, आता दोघांवर. किल्ली तेवढी बरी आहे, बोलत नाही.

नूतन, रोज संध्याकाळी तू गोठा उघडतेस तेव्हा मी तुझ्या मुठीत असतो. एकदा परतताना त्या खोलीत थांब आणि मला लावून बघ. दिवा लागेल. मी मेलेलो नाही गं, रुसलोय.