हात पुरे तिथवर

“दिवा बाई ठेवियेला, हात पुरे तिथवर,
विझला तं लावणारी, तिचे पाय भुईवर.”

सटाण्याच्या घरी कोनाड्यात दिवा लावताना आई, नवसाबाई, ही ओवी म्हणायची. आई गेली, कोनाडाही गेला, पण सिडको ओलांडून पुंजाभाऊंच्या घराकडे निघालेल्या उज्वलाच्या कानात आज तोच आवाज होता.

हायवेवरच्या ललितशेठच्या भल्यामोठ्या दुकानाची ती मॅनेजर. कापडापासून कढईपर्यंत सगळं एका छताखाली, आणि छत असं उंच की पाखरू शिरलं तर दिवसभर वाट शोधत राहावं. तिथे पूर्वी मेटल हॅलाइडचे मोठे दिवे होते. लाईट जाऊन आली की थंड झाल्याशिवाय ते पुन्हा पेटायचेच नाहीत. दुकानाचे इलेक्ट्रिशियन पुंजाभाऊ गिऱ्हाइकांना सांगायचे, “थांबा जरा. नवरदेव रुसलाय, मानपान झाला की येईल.”

ते दिवे वीज फार खायचे, उजेडही हिरवट पडायचा. तेव्हा शेठने उज्वलाला नवे दिवे बघायला लावले. तिने मन लावून ताडून पाहिलं. ट्यूबचा उजेड एवढ्या उंचीवरून खाली येईपर्यंत दमायचा. एलईडी सगळ्यांत बरे. पण एलईडीतला दिवा सहसा मरत नाही, मरतो तो त्याला वीज पुरवणारा डबा, ड्रायव्हर. हा डबा दिव्यातच बसवा, नाहीतर वायर खाली ओढून भिंतीवर, हाताच्या उंचीवर बसवा, असं दिवेवाल्याने सांगितलं होतं. खाली बसवायचा तर वायरिंगचा खर्च जास्त.

शेठ स्वस्ताईवर खूश होणार हे तिला माहीत होतं, आणि ओझरच्या नव्या शाखेचा कारभार कुणाला द्यायचा हे त्यांच्या मनात घोळत होतं. तिने भिंतीवरच्या डब्याची गोष्ट शेठसमोर काढलीच नाही. दुरुस्तीचं काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, “पुंजाभाऊ आहेतच की.” शेठ हसले, आणि डबे वर दिव्यांतच बसले. पुंजाभाऊंच्या चढण्याची किंमत हिशेबात धरलीच नाही.

मग खंडेनवमी आली. दुकानात सगळ्या हत्यारांची पूजा झाली. पक्कड, टेस्टर, कात्र्या, आणि झेंडूची माळ घातलेली ती लांब शिडी. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही जुनी रीत. नेमका बिलिंग काउंटरवरचा दिवा लुकलुकायला लागला. उद्या दसरा, दुकान माणसांनी भरणार. आजच दुरुस्त करा, असा शेठचा फोन आला आणि उज्वलाने पुंजाभाऊंना चढायला सांगितलं. ते शिडीपाशी गेले. शिडीला कपाळ टेकवलं, माळ हळूच काढून बाजूला ठेवली आणि चढले. नवा डबा बसवला. वर हात धरून धरून अंगातलं बळ गेलं असावं. उतरताना पाय सुटला.

टाच मोडली. आता ते खाटेवर पडून होते, प्लास्टरखाली उशी. उज्वला दारात दिसताच त्यांच्या बायकोने, कुसाबाईंनी, खुर्ची पुसून पुढे केली आणि त्या चहा ठेवायला वळल्या. पुंजाभाऊ उठून बसू लागले.

शेठना त्यांनी सांगून टाकलं होतं, चूक आपलीच, यापुढे कामावर येणार नाही. एवढ्या वर्षांत पुजलेल्या शिडीला कधी पाय लावला नव्हता, म्हणाले. कुसाबाई चुलीशी चहा गाळत होत्या. गुडघ्यांनी साथ सोडलेली, तरी उद्या वणीला जाऊन देवीच्या गडाच्या पायऱ्या अनवाणी चढणार होत्या. नवऱ्याच्या अपराधाची माफी मागायला.

“देवी कोपली ताई,” पुंजाभाऊ म्हणाले. “मी नाय म्हणायला पाहिजे होतं. तुमचा काय दोष? तुम्ही तं शेठच्या शब्दाखाली.”

तो मोकळा, माफ करणारा शब्द उज्वलाला सोसेना. “तुमचा काय दोष” धरून ती उठून जाऊ शकली असती. ओझर तिची झाली असती. चहाचा कप हातात आला, तसा तिने खाली ठेवला.

“कुसाबाई, तुम्ही गड चढू नका,” ती म्हणाली. “देवी कोपली नाही. पुंजाभाऊ, तो डबा खाली भिंतीवर बसवता येत होता. तुमचा हात पुरेल तिथे. शिडी लागलीच नसती. मला ठाऊक होतं, आणि मी शेठना सांगितलंच नाही.”