गुरूच्या गालावरचा तीळ

गुळगुळीतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण त्यांच्या फोटो स्टुडिओच्या खुर्चीत कुणीही बसो, सुरकुतलेले पेन्शनर असोत की मुरुमांनी बेजार झालेली कॉलेजकन्यका, फोटोत सगळे सोललेल्या अंड्यासारखे तुकतुकीत निघायचे. मित्रांनी दुसरं काय नाव ठेवायचं? रावांना त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता.

राग होता तो त्यांच्या बायकोला. लग्नाच्या फोटोतून तिच्या डाव्या गालावरचा तीळ रावांनी उडवला होता, तोही मोठ्या प्रेमानं, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून. फोटो बघून ती एवढंच म्हणाली होती, "ही बाई कोण?" तेव्हापासून फोटो कपाटात होता आणि बैठकीच्या भिंतीवरचा खिळा मोकळा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती सजवल्या, पण घरचा एक खिळा काही आपल्याला दाद देत नाही, हे रावांना फार लागायचं. त्यावर आपण काढलेला एक तरी फोटो लागावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

अलीकडे त्यांना दुर्बिणीचा नाद लागला होता. एका संध्याकाळी त्यांनी गच्चीवर दुर्बीण लावली, गुरू ग्रह शोधला आणि बायकोला हाक मारली. तिनं डोळा लावला तो काढेचना. हातातला चहा निवला तरी तिला शुद्ध नव्हती. रावांनी संधी साधून विचारलं, की याचा फोटो काढला तर त्या खिळ्यावर लावशील का? मी पाहिला तसाच असेल तर लावीन, असं म्हणून ती खाली गेली. मग रावांनी दुर्बिणीला कॅमेरा जोडून व्हिडिओ घेतला.

सकाळी स्टुडिओत त्यांनी तो कॉम्प्युटरवर चढवला. व्हिडिओतल्या हजारो फ्रेम्समधून कमी थरथरलेल्या तेवढ्या निवडायच्या, एकावर एक रचायच्या, की त्यातून ग्रहाचा एक स्वच्छ फोटो तयार होतो. इथवर सगळं सरळ झालं. पण मग रावांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी फोटो धारदार केला, मग आणखी धारदार केला. पट्टे रंगवल्यासारखे उठून दिसू लागले, कडेला स्टीलच्या ताटासारखी चकचकीत किनार आली. रंग जरा फिका वाटला म्हणून नारिंगी ओतला. मधल्या पट्ट्यावर एक काळा ठिपका होता. कॅमेऱ्यावरची धूळ असणार, असं म्हणत त्यांनी एका क्लिकसरशी तो उडवला आणि फोटो फ्रेम करून दुपारी घरी नेला.

बायकोनं फोटो पाहिला. चष्मा लावून पुन्हा पाहिला.

"हा कोण?"

"अगं, गुरू."

"त्याच्या गालावर तीळ होता. तो कुठाय?"

रावांनी तिला कॅमेऱ्यावरच्या धुळीबद्दल समजावून सांगायला सुरुवात केली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, मी पाहिला तेव्हा तुमचा कॅमेरा डबीत होता."

 राव आल्या पावली स्टुडिओत गेले आणि मूळ व्हिडिओ लावून बसले. वाऱ्यानं ग्रह पडद्यावर इकडून तिकडे डुलत होता. धूळ असती तर ती एका जागी बसून राहिली असती. हा ठिपका मात्र ग्रहाबरोबर डुलत होता. रावांनी गावात हौशी आकाशनिरीक्षकांचं मंडळ चालवणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या पोटभर हसल्या. ती गुरूच्या एका चंद्राची सावली होती. ती फोटोत मिळावी म्हणून लोक वेळापत्रक बघून टपून बसतात, आणि तुम्ही पुसलीत? रावांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनाच इतकं हसू फुटलं, की पासपोर्ट फोटोसाठी ताठ बसलेलं गिऱ्हाईकही हसायला लागलं आणि त्याचा फोटो तीनदा काढावा लागला.

मग त्यांनी गुरू पुन्हा करायला घेतला. या वेळी हात आवरून. पट्टे दिसायला लागले तिथेच थांबले, आणि तिथूनही थोडे मागे आले. कड होती तशी मऊ राहू दिली. डोळे मिटून गच्चीवरचा गुरू आठवला: सायीच्या रंगाचा, फिकट तपकिरी पट्ट्यांचा. तेवढाच रंग ठेवला. ठिपक्याला हातही लावला नाही.

आणि मग त्यांनी खालचा खण उघडून लग्नाची निगेटिव्ह काढली. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला कापूस हलकेच फिरवला. इतक्या वर्षांची पेन्सिल एका पुसण्यात गेली. नव्यानं फोटो छापला, तेव्हा तिळाबरोबर त्यांच्या स्वतःच्या नाकावरची पुटकुळीही परत आली, ती ते साफ विसरले होते.

संध्याकाळी त्यांनी दोन्ही फ्रेम बायकोसमोर ठेवल्या आणि परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे उभे राहिले. तिनं गुरू पाहिला. हाच तो, म्हणाली आणि खिळ्यावर लावून टाकला. रावांना इतका आनंद झाला की दुसरी फ्रेम ते विसरूनच गेले.

ती मात्र दुसरी फ्रेम हातात घेऊन उभी होती. तिचा हात आपसूक डाव्या गालावर गेला.

"हिला ओळखते मी," ती म्हणाली. "हातोडी आणा. गुरूच्या शेजारी अजून एक खिळा लागेल."