बुधवारचा बांगडा

फुमिएने खारवलेल्या बांगड्याचं आणखी एक पाकीट पाण्यात सोडलं आणि फ्रीजरमध्ये पुन्हा हात घातला. तळाशी, बर्फाला घट्ट चिकटून, अजून तीन निघाली. सुरीच्या मुठीने ठोकून ठोकून तिने ती सोडवली, ओट्यावर मांडली आणि जरा मागे सरून पाहिलं. एकट्या बाईच्या घरात एवढा बांगडा! छोटीशी खाणावळ सहज चालली असती.

मुलगी, चिहारु, दुपारच्या गाडीने सेंदाई शहरातून येणार होती. "आईवडिलांचं वय झालं की त्यांचा फ्रीज बघून यावा म्हणतात. तुझा बघायलाच हवा एकदा," असं ती रविवारी फोनवर हसत हसत म्हणाली होती. 

फ्रीज बघणं म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या नणंदेचा, इकुकोचा फ्रीज असाच एकदा सुनेने उघडला. आत मेयोनीजच्या बाटल्या, एकीमागे एक, सगळ्या नव्या, एकही न फोडलेली. सून नुसती गोड हसली. महिन्याभरात इकुकोची रवानगी वृद्धाश्रमात झाली. फुमिए भेटायला गेली तेव्हा इकुकोने तिचा हात धरून कानात सांगितलं होतं, "त्यांना सांग ना, घरी नेलंत तर फ्रीज नीट ठेवेन म्हणावं." त्या दिवशी परतीच्या बसमध्ये फुमिए खिडकीकडे तोंड करून रडली होती.

आणि आता तिच्या स्वतःच्या घरात हा बांगडा.

दर बुधवारी सहकारी भांडाराची गाडी दाराशी पेटी ठेवून जाई. मागणी सेंदाईहून चिहारुच मोबाइलवरून नोंदवायची. रविवारी फोन करून काय हवं ते विचारायची. शरद ऋतूपासून प्रत्येक पेटीत बांगडा येऊ लागला, आणि त्याच्या सोबतीला वाळवलेल्या मुळ्याच्या किसाची पुडी. एकदा फुमिएने विचारलंही होतं, "अगं, बांगडा पुन्हा कसा आला?" त्यावर चिहारु खळखळून हसली होती. "तूच तर सांगितलंस, आई! विसरलीस?"

 सांगितल्याचं फुमिएला अजिबात आठवत नव्हतं. त्यानंतर तिने हा विषय पुन्हा काढला नाही. रविवारी फोन ठेवला की ती मनाशी घोकायची, आज मी अंडी म्हणाले, टोफू म्हणाले, बांगडा म्हणाले नाही. तरी बुधवारी बांगडा हजर! थंड पाकीट हातात घेऊन ती दारातच उभी राहायची. मग मुळ्याची पुडी कपाटात आणि ते पाकीट फ्रीजरच्या तळाशी जायचं, मटाराच्या आणि भाताच्या गोळ्यांच्या खाली, जिथे तिला स्वतःलाही ते दिसणार नाही.

टाकून द्यायची सोय नव्हती. गावातल्या कचऱ्याच्या पिशव्या पारदर्शक, वर घराचं नाव लिहायचं, आणि पिशवीत काय आहे हे शेजारीपाजारी जाता जाता बघणारच. शिवाय अन्न टाकणं तिच्या हाताला जमणारंच नव्हतं. गाजराच्या साली सोया सॉसमध्ये परतून भाताबरोबर खाणारी बाई ती. तेव्हा शिजवून संपवणं एवढा एकच मार्ग उरला.

सकाळपासून तिन्ही शेगड्या पेटल्या होत्या. एका पातेल्यात बांगडा आलं घालून आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोमध्ये रटरटत होता. दुसऱ्यात उकडलेल्या बांगड्याचे काटे काढून तिने तो कोरडा होईस्तोवर परतला होता, भातावर भुरभुरायला. उरलेला कुटून, त्यात बटाट्याचं पीठ मिसळून गोळे केले होते, सारात सोडायला. मुळ्याने मात्र तिचा अंत पाहिला. पुडीत मूठभर दिसणारा कीस पाण्यात पडताच फुगू लागला, वाडग्यातून वर आला, दुसऱ्या वाडग्यात गेला, तोही भरला. कपाट रिकामं होत होतं आणि स्वयंपाकघर भरत चाललं होतं.

"आता हा कुठे लपवू?" ती मुळ्याला उद्देशून मोठ्याने म्हणाली, आणि आपण मुळ्याशी बोलतोय हे ध्यानात येताच आणखीनच घाबरली.

तिने डबे भरले आणि बर्फातून वाट काढत शेजारच्या ओनोदेराबाईंचं दार गाठलं.

"अगबाई, पुन्हा बांगडा!" ओनोदेराबाई म्हणाल्या. "फुमिएबाई, आमचे हे विचारतात, तुम्ही होडीबिडी घेतलीत की काय?"

"तुम्हाला आवडतो म्हणून आणते हो."

"आवडतो ना. पण गेल्या आठवड्यातसुद्धा..."

"आठवतंय मला!" फुमिए एवढ्या घाईने म्हणाली की ओनोदेराबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "गेल्या आठवड्यात मिसोतला होता. हे गोळे आहेत. गुडघा कसा आहे तुमचा?"

"बरा आहे. जिना चढते आता."

घरी येऊन तिने फ्रीजर पुसला, कपाटं पुसली. एक भाताचा गोळा, थोडे मटार, अंडी. कुणाही शहाण्या बाईचा असावा असा फ्रीज. एकच धास्ती उरली होती. आज बुधवार होता. पेटी चिहारु परत गेल्यावर यावी, बर्फामुळे गाडी कुठेतरी अडून पडावी, अशी तिने देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या फोटोला हात जोडून विनवणी केली.

चिहारु आली ती उशिराच. गोरीपान, नीटनेटकी, पन्नाशी ओलांडलेली, एका शाळेच्या कचेरीत सगळं वेळच्या वेळी करणारी म्हणून नावाजलेली. घटस्फोटानंतर एकटीच राहत होती.

"एक स्टेशन पुढेच गेले गं," ती बूट काढत म्हणाली. "बर्फाने पाट्या कुठे दिसताहेत? ओनोदेराकाकूंचा गुडघा कसा आहे?"

"बरा आहे. जिना चढतात आता. ये, गारठली असशील."

चिहारुने कोटही काढला नाही, आधी फ्रीज उघडला. फुमिए पदरचं सगळं धैर्य गोळा करून पाठीमागे उभी राहिली. वरचा कप्पा, खालचा कप्पा, फ्रीजर. चिहारुने मटाराची पिशवी उचलली, खाली बघितलं, परत ठेवली.

"वा! लख्ख आहे. माझा बघितलास तर चक्कर येईल तुला."

फुमिएच्या जिवात जीव आला. तिने पानं मांडली. मिसोतला बांगडा, भातावर बांगड्याचा चुरा, सारात बांगड्याचे गोळे, आणि मुळा. एवढ्या बांगड्याबद्दल काय सांगायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं, बाजारात स्वस्त मिळाला म्हणून. पण चिहारुने विचारलंच नाही. ती मन लावून जेवली, भात दुसऱ्यांदा घेतला.

"बांगडा झकास झालाय, आई. तुझ्यासारखी चव कुणाच्याच हाताला नाही." मग जेवणाच्या काडीने काटा बाजूला करत तिने विचारलं, "ओनोदेराकाकूंचा गुडघा कसा आहे गं?"

फुमिएच्या हातातला वाडगा थबकला. मघाशी मी सांगितलं नव्हतं की काय? सांगितलं होतं, बूट काढताना. की नुसतं सांगायचं मनात होतं? 

"बरा आहे," ती चाचरत म्हणाली. "जिना... चढतात वाटतं."

तेवढ्यात बाहेर भांडाराच्या गाडीची धून वाजली.

फुमिए उठेपर्यंत चिहारु दारापर्यंत पोचलीही होती. ड्रायव्हरशी दोन शब्द बोलल्याचा, दार लोटल्याचा आवाज आला. आता ती पेटी उघडणार, बांगडा बघणार, म्हणणार, पुन्हा मागवलास? आणि मग तसंच गोड हसणार. फुमिएने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"आई, बघ तुझ्यासाठी काय मागवलंय!" चिहारु पाकीट नाचवत आत आली. लहानपणी शाळेतलं बक्षीस दाखवायला यायची तशीच. "बांगडा! आणि हा मुळ्याचा कीस. तू काही बोलली नव्हतीस हं, पण परवा मला एकदम आठवलं, आईला बांगडा किती आवडतो. इतके दिवस कसं सुचलं नाही कुणास ठाऊक."

"पहिल्यांदाच मागवलास?" फुमिएने विचारलं.

"मग? तुझ्या फ्रीजमध्ये तर कुठे दिसला नाही."

चिहारुच्या बशीत बांगड्याचे काटे होते. फुमिएने ते बघितले. मी नाही, तिच्या मनात आलं. मी नव्हतेच विसरले! शरदापासून छातीवर बसलेला धोंडा घसरून खाली पडला आणि तिला चक्क हसू फुटलं. क्षणभरच. मग तिने मुलीच्या आनंदी चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आपण कशाला हसलो हे तिला कळलं. असली भीती तिला आजवर कधी वाटली नव्हती. इकुकोचा हात धरून बसली होती तेव्हाही नाही, आणि नवरा गेला तेव्हाही नाही. स्वतःसाठी घाबरणं किती सोपं होतं.

"काय झालं? आवडला नाही?"

"आवडला तर! बरं झालं मागवलास. घरात अगदी काहीच नव्हतं."

चिहारुला समाधान वाटलं. ती पुन्हा पानावर बसली, चहा ओतून घेतला आणि खिडकीतून शेजारच्या छपरावरचा बर्फ बघत राहिली.

"ओनोदेराकाकूंचा गुडघा कसा आहे आता?"

"बरा आहे," फुमिए म्हणाली. या वेळी तिचा आवाज जराही हलला नाही. "जिना चढतात आता."

तिने दोघींची भांडी गोळा केली, मोरीत ठेवली, हात पुसले. या घरात ती लग्न होऊन आली होती. इथून आपल्याला नेऊ नये म्हणून पहाटेपासून कंबर मोडेस्तोवर राबली होती.

"चिहारु, उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"कुठे?"

"तुझ्याकडे. राहायला."

चिहारु हसायलाच लागली. "बाबा गेल्यापासून घसा कोरडा होईस्तोवर बोलावतेय, तर एक रात्र यायला तयार नव्हतीस! म्हणे घराला कुलूप बघवत नाही. आणि आज काय झालं?"

"काय व्हायचंय? तू माझा फ्रीज बघितलास, आता मी तुझा बघते."

चिहारुचं हसू हळूहळू मावळलं. तिने कप खाली ठेवला, आईकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.  तिने टेबलावरून हात पुढे केला आणि आईच्या स्वेटरची बाही चिमटीत धरली.

"लवकर इकडे परत नाही ना यायचीस?"

"नाही," फुमिए म्हणाली.